गाडी थंड ठेवायची असते

वहिनीचा फोन आला तेव्हा मी महाडच्या बाजारात मिरच्या घेत होते. "वन्सं, हे उठत नायत गो..." एवढंच ती बोलली. रडत नव्हती. कसं उठवायचं ते मला विचारावं, तसा तिचा आवाज होता. पोलादपूरची बस, तिथून उमरठच्या बाजूला जाणारी जीप, असं करत मी वाडीवर पोहोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. माझा थोरला भाऊ, शांतारामदादा, दुपारचं जेवून आडवा झाला आणि झोपेतच गेला. सुट्टीवर येऊन त्याला जेमतेम दोन दिवस झाले होते. येणारा जो तो म्हणत होता, नशीबवान माणूस, झोपेत मरण आलं. मी मान हलवत होते. एवढी वर्षं ज्याच्या डोळ्यांवरची झोप कधी पुरती उतरली नाही, त्याला असं नशीबवान म्हणताना ऐकून काय वाटलं ते आज महिना उलटून गेल्यावरही नीट सांगता येत नाही.

दादा ट्रक चालवायचा. साधा नव्हे, फ्रीजचा. वाडीत तसंच म्हणतात, फ्रीजची गाडी. रत्नागिरीतून गोठवलेली मासळी भरायची आणि दिल्लीच्या पुढे पंजाबपर्यंत न्यायची, येताना गोठवलेला मटार नाहीतर आणखी काही घेऊन यायचं. केबिनच्या मागे, डब्याच्या कपाळावर एक वेगळं इंजिन असतं. गाडी उभी असली तरी ते चालू ठेवावं लागतं, नाहीतर बर्फ वितळून माल सुटतो. म्हणजे दादा जेवत असो, अंघोळ करत असो की डोळे मिटून पडलेला असो, डोक्यामागे ती घरघर चालूच. महिन्यातून एकदोनदा त्याची गाडी पोलादपूरवरून जायची. आमची वाडी नाक्यापासून तशी लांब नाही, पण भरलेली गाडी सोडून वर यायला त्याला सवड नसायची. वहिनी जीपने डबा घेऊन खाली यायची, रस्त्याच्या कडेला दोघं थोडा वेळ उभी राहायची आणि तो निघायचा. कशेडीला बोगदा झाला तेव्हा मला वाटलं, आता घाटाचा वेळ वाचेल, तो घरी येईल. वेळ वाचला खरा, पण तो दादाच्या वाट्याला आला नाही. फेरी तेवढी लवकर लागू लागली.

बोगदा व्हायच्या आधीच्या एका पावसाळ्यातली गोष्ट मला राहून राहून आठवते. मी शाळेतली नोकरी सांभाळून आईला बघायला वाडीवर आले होते आणि अडकले. पावसाने दम घेतला नाही. दादाची गाडी रत्नागिरीहून कशेडी उतरून पोलादपूरला आली आणि तिच्या मागे घाटात दरड आली. पुढे महाडजवळ सावित्रीचं पाणी रस्त्यावर. मागेही नाही, पुढेही नाही. दादाने फोन केला, "मी नाक्यावरच हाय. वर यायला जमायचं नाय, गाडी थंड ठेवायची असते." आई तेव्हा सत्तरीला टेकलेली. तिने तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, सुकट भाजली, डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतली आणि मला म्हणाली, "चल गो."

दादा गाडी चालवायला लागून कितीतरी वर्षं झाली होती, पण आई त्याच्या गाडीत कधी चढली नव्हती. त्या दिवशी आम्ही दोघांनी तिला खालून-वरून धरून केबिनमध्ये घेतलं. ती मागच्या बाकड्यावर मांडी घालून बसली आणि सगळीकडे बघत राहिली. देवाचा फोटो, दोरीवर वाळत घातलेलं बनियन, पाण्याचा कॅन, गोधडी. ती गोधडी तिनेच शिवलेली होती. "इथंच निजतोस?" "इथंच." "आणि हा आवाज?" "तो असतोच." ती मग हाताने गोधडीच्या सुरकुत्या तेवढ्या सारख्या करत राहिली.

पाणी उतरेना. दुसऱ्या दिवशी थंडीच्या इंजिनाचं डिझेल संपत आलं. पंपावर लाईट नव्हती, रांग लागली होती. नाक्यावर अडकलेली माणसं दादाला म्हणाली, "अरे, मासळी वाटून टाक. सडण्यापेक्षा पोटात जाईल. शेठला सांग, पूर होता." दादा म्हणाला, "सडेल तेव्हा बघू. अजून माल चांगला हाय." कॅन घेऊन तो निघाला. जाताना आईला पुढच्या सीटवर बसवून त्याने बाहेरच्या आरशात थंडीच्या इंजिनावरचा दिवा दाखवला. "आये, हा हिरवा हाय तोवर बरा. तांबडा झाला तर हिला सांग, ती मला फोन करेल." आई सगळी दुपार त्या आरशाकडे बघत बसली. मी म्हटलं, मी बघते, तू पाठ टेक. तर म्हणाली, "तुला नाय, मला सांगितलंय त्यानं." बाहेर पाऊस असा की आरसा पुन्हा पुन्हा धूसर व्हायचा. मग ती काच खाली करायची, पदराने आरसा पुसायची, भिजलेला हात आत घ्यायची. दादा परत आला तेव्हा चिखलाने माखलेला होता. आई एवढंच म्हणाली, "नाय झाला तांबडा. पण तू लय वेळ लावलास रे."

डिझेल ओतून झाल्यावर दादा भाकरी खायला बसला आणि खाता खाता त्याचे डोळे मिटायला लागले. आई म्हणाली, "नीज तू. मी बघतंय दिव्याकडं." आणि तो खरंच झोपला, मागच्या बाकड्यावर, पाय मुडपून. आई अधूनमधून मागे वळून त्याच्याकडे बघायची आणि पुन्हा आरशाकडे. रस्ता मोकळा झाल्याचा निरोप आला तेव्हा तिने त्याला लगेच उठवलं नाही. पुढच्या गाड्या सुरू झाल्या, मागून हॉर्न वाजायला लागले, तेव्हा कुठे त्याच्या पायाला हात लावला.

मासळी शेवटपर्यंत चांगली राहिली. नंतर मी त्याला कौतुकाने विचारलं, काय म्हणाले रे तिकडे? तो म्हणाला, "काय म्हणणार? माल उतरवला, दार लावलं."

त्यानंतरच्या हिवाळ्यात आई गेली. दादा तेव्हा मटार भरून राजस्थानात होता. त्यानेच फोनवर सांगितलं, "माझ्यासाठी थांबू नका. तिला उगाच ठेवू नका." तो आला तेव्हा तिची राखही गार झाली होती. अंगणात आला, सगळ्यांना नमस्कार केला, ओटीवर खांबाला टेकून बसला आणि पायातले बूटही न काढता बसल्या बसल्या झोपला. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आमची एक चुलती उठली आणि त्याला हलवू लागली, "अरे, आई गेली ना तुझी..." तेव्हा वहिनी आतून आली. मोठ्या माणसांसमोर कधी आवाज न काढणारी ती, चुलतीचा हात बाजूला करत म्हणाली, "नका उठवू, काकी. आले हायत ना ते. तेवढं बास हाय." मग तिने त्याचे बूट काढले. जागा झाल्यावर दादा खूप रडला, पण ते बघायला तेव्हा फारसं कोणी उरलं नव्हतं. मला म्हणाला, "माझी भेट झाली गो तिच्याशी. पोलादपूरला झाली."

गेल्या काही वर्षांत त्याला डाव्या कानाने कमी ऐकू यायचं. साखर वाढली, पाठ धरायची. दर शिमग्याला म्हणायचा, गणपतीपर्यंत गाडी सोडतो. गणपतीत म्हणायचा, शिमग्यापर्यंत. शेवटचं भेटलो ते महाडला, बस स्टँडसमोर चहा प्यायला. मी म्हटलं, दादा, एवढा कंटाळा आलाय तर सोड ना आता. त्याने चहा फुंकत फुंकत विचार केला आणि म्हणाला, "कंटाळा नाय गो. कंटाळा आला असता तर कधीच सोडली असती. मी थकलोय." मग हसला, आणि माझ्या मुलीच्या परीक्षेचं विचारू लागला.

तेराव्यानंतर मी आणखी थोडे दिवस वाडीवर राहिले. एका दुपारी पडवीत तांदूळ निवडत बसले होते, तर आतल्या खोलीतून पंख्याची घरघर ऐकू आली. उभा, लोखंडी, पाती खडखडणारा पंखा. थंडीचे दिवस, खोलीत कोणी नाही. मला वाटलं चुकून चालू राहिला, म्हणून उठले. वहिनी चुलीपाशी होती. "ऱ्हावं दे, वन्सं," ती म्हणाली. मग हळूहळू सांगू लागली. घरी आला की दादाला झोपच लागायची नाही. वाडीत कुठला आवाज? नुसता या कुशीवरून त्या कुशीवर. मग एकदा तिने हा पंखा भिंतीकडे तोंड करून लावला, वारा नको म्हणून, नुसता आवाज व्हावा म्हणून. आणि तो लहान पोरासारखा निजला. तेव्हापासून तो घरी असला की दुपारी पंखा लागायचा, भर थंडीतसुद्धा. त्या दिवशीही लागला होता.

"आता कशाला लावतेस गं?" मी विचारलं.

वहिनीने चुलीतलं लाकूड पुढे सरकवलं. "भांडी घासताना तो आवाज आला की मला कळायचं, निजले हायत. मग मी भांडी हळू ठेवायची..."

ती उठली, घासलेलं पातेलं दोन्ही हातांनी धरून आवाज न करता फळीवर ठेवलं, आणि दुसरं घ्यायला वाकली.