टोकावर चार काळे पट्टे

चौतीस वर्षं मी सरकारी कचेरीत कारकुनी केली. साहेब बदलत गेले, पण नियम काय सांगतो हे विचारायला माणसं माझ्याच टेबलाशी यायची. त्याचा मला गर्व होता. तो गर्व एका कट्यारीने उतरवला.

कट्यारी माझ्या वडिलांच्या. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. सुट्टीच्या दिवशी भांडीबाजारात जायचे आणि मोडीत आलेल्या तांब्या-पितळेच्या ढिगात हात घालून बसायचे. लोक रविवारी मटण आणतात, हे गंजकं लोखंड आणतात, म्हणून आई वैतागायची. अशा सहा कट्यारी त्यांनी जमवल्या. साधा सुरा बोटांनी धरतात, कट्यारीला मात्र दोन दांड्यांच्या मधे आडवी मूठ असते. ती मुठीत आवळली की पातं थेट हाताच्या रेषेत पुढे येतं. कुणी घरी आलं की नाना हे करून दाखवायचे, आणि पाहुण्याचा चहा गार व्हायचा.

सातवी मात्र विकत घेतलेली नव्हती. ती घरची, निफाडकडच्या आमच्या गावची. हळद लागल्यावर नवरदेवाने रिकाम्या हाताने फिरायचं नाही, म्हणून त्याच्या हातात कट्यार देतात आणि टोकाला लिंबू टोचतात. सगळीकडेच देतात. आमच्या घरची रीत त्यापुढची होती. लिंबाच्या रसाने लोखंड काळं पडतं, तो डाग आमच्याकडे पुसायचा नाही. नुसतं तेलाचं बोट फिरवायचं. पुढच्या नवरदेवाचं लिंबू आधीच्या डागाच्या थोडं वर सारायचं. असे चार पट्टे झाले होते. अगदी टोकाशी पणजोबांचा, मग आजोबांचा, मग नानांचा. चौथा माझ्या नवऱ्याचा. त्यांच्या घरी कट्यार नव्हती, म्हणून त्यांनी मागितली तेव्हा नानांनी ही काढून दिली होती.

मुलगा दहावीत असताना माझा नवरा गेला. आई त्याआधीच गेली होती. नाना आपली पेटी आणि सात कट्यारी घेऊन माझ्याकडे, गंगापूर रोडच्या फ्लॅटवर राहायला आले. माझ्यासाठी आले, पण बोलताना म्हणायचे, "माझी जेवणाची आबाळ होते."

पुढे पेपरात सारख्या बातम्या येऊ लागल्या. कुणी घरपोच तलवार मागवली, पोलिसांनी उचललं. शहरात मनाई आदेश, हत्यार बाळगू नये. नाना बातमी दोनदा वाचायचे आणि कपाटाकडे बघायचे. एक दिवस म्हणाले, "परवाना काढू. नातवाच्या लग्नात घरची कट्यार त्याच्या हातात द्यायची हाय मला. उघड द्यायची. चोरासारखी नाय."

त्यांना दुसरं काही नको होतं. मी अर्ज लिहिला. नाना व्हर्नियर घेऊन माप सांगत होते, मी रकाने भरत होते. 'ओळखचिन्ह' असा एक रकाना होता. नाना म्हणाले, "लिही, टोकावर चार काळे पट्टे." मी माझ्या हाताने ते लिहिलं.

अर्ज कचेरीत पडून राहिला. कचेरीत अर्ज कसा पडून राहतो हे मला कुणी शिकवायला नको होतं. तरी मी रोज चरफडायचे.

नाना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दवाखान्यात असताना शेजारच्या भाडेकरूंची चौकशी करायला हवालदार आला. माझ्याकडे पाणी प्यायला आणि जाता जाता सहज म्हणाला, "काकू, परवा एका घरातून तलवार निघाली बघा. चांगल्या घरातली माणसं." चोराच्या मनात चांदणं. त्याने कपाटाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं, पण तो गेल्या गेल्या मी दाराला कडी लावली. मी नियमाचं पुस्तक काढलं. त्यात होतं, नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं असेल तर परवाना लागतो. घरच्या कट्यारीची लांबी नऊच्या आत होती. रुंदी मुठीजवळ दोन इंचांहून थोडीशी जास्त. मला वाटलं, सापडली वाट.

पंचवटीत बाजाराच्या मागे द्राक्षछाटणीच्या कात्र्यांना धार लावणारा एक कारागीर बसतो. कट्यार टॉवेलात गुंडाळून मी रिक्षाने त्याच्याकडे गेले. त्याने ती हातात घेऊन पुन्हा पुन्हा फिरवली.

"ताई, घासू ना? परत नाय येणार हां."

"दोन इंचाच्या आत आणा."

"आन् हे टोकाचं काळं? ते बी काढू का?"

दवाखान्यातून फोन येत होता. मी फोनकडे बघत म्हटलं, "काढा." आयुष्यभर देवाची भांडी घासलेली बाई मी. काळं काढू का विचारलं की काढा म्हणते. दुसरं कारण मला आजही सापडत नाही.

नाना घरी आले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. मी मोठ्या दिमाखात कट्यार त्यांच्या हातात दिली आणि नियम वाचून दाखवला. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. मग टोकाशी आले आणि तिथेच थांबले. खिडकीपाशी गेले, उघडा डोळा टोकाजवळ नेऊन बघत राहिले. मग म्हणाले, "बसली मापात." ओरडले असते तर बरं झालं असतं. कारखान्यात अर्ध्या सुताची चूक झाली तरी आकाशपाताळ एक करणारा माणूस होता तो.

जेवताना मान खाली घालून ते एवढंच बोलले, "त्यात जावईबापूंचा बी होता गं."

माझ्या नवऱ्याच्या हाताची ती खूण मी पैसे देऊन घासून आणली होती, आणि हे मला सुचलंही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी अर्जाची चौकशी करायला गेले. तिथल्या टेबलावरचा तरुण कारकून नम्र होता. त्याने नियमाची तीच ओळ माझ्यापुढे ठेवली आणि तिच्या वरची ओळ वाचून दाखवली. "मॅडम, हे माप सुऱ्यांचं आहे. कट्यार वर वेगळी धरलीय, तलवारीबरोबर. तिला माप नाही. घासा, नाहीतर न घासा." अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी माझ्या हाताखालच्या किती पोरांना ऐकवली असेल. त्या दिवशी जिना उतरताना ती मी स्वतःला ऐकवली.

नानांना सांगितलं. दोन दिवसांनी विकत घेतलेल्या सहाही कट्यारी गोणपाटात बांधून ते पोलीस ठाण्यात जमा करून आले. पावती माझ्या हातात दिली, म्हणाले, "नीट फायलीला लाव." त्यानंतर ते भांडीबाजारात गेले नाहीत. रविवारी सकाळी गॅलरीत बसून राहायचे. दीड वर्षाने गेले. अर्ज तेव्हाही विचाराधीनच होता.

वारस म्हणून मी नव्याने अर्ज केला. मुलाच्या लग्नाला महिना असताना परवाना आला. सही, शिक्का, सगळं चोख. रुंदी पावणेदोन इंच. ओळखचिन्ह, निरंक.

हळदीनंतर मुलाच्या हातात कट्यार दिली, सगळ्यांसमोर, उघड. टोक इतकं बोथट झालं होतं की लिंबाला आधी सुईने भोक पाडावं लागलं. लिंबू किती सारायचं, म्हणून मुलाने विचारलं. मी म्हटलं, "टोकाशीच राहू दे." त्याच्यापुढे जागा सोडावी असा कुणाचाही पट्टा आता उरला नव्हता.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात गेले तर नवी सून ओट्याशी उभी. देव्हाऱ्यातली भांडी घासून झाली होती, हातात कट्यार होती, आणि बोटावर भांड्यांची पावडर. मी इतक्या जोरात ओरडले की तिच्या हातातून कट्यार सिंकमधे पडली. बिचारी रडवेली झाली. "आई, काळं पडलंय टोकाला, म्हणून..."

मी कट्यार पदराने कोरडी केली. पट्टा शाबूत होता. तिला जवळ बसवलं, आमच्या घरची रीत सांगितली, तेलाचं बोट कसं फिरवायचं ते दाखवलं. ती टोकाकडे निरखून बघत होती.

"मग हा कितव्या पिढीचा?"

"पाचव्या."

"पण एकच दिसतोय. बाकीचे चार?"

"मी घासले," मी म्हटलं.