विश्रामचा डावा हात

चहा पिताना, गप्पा मारताना, अगदी कुणाच्या मयताला गेल्यावरसुद्धा विश्रामचा डावा हात गालापाशी असायचा. मूठ अर्धवट मिटलेली, कोपर बरगडीला टेकलेलं. नवखा माणूस हटकून विचारायचा, "दाढ दुखतेय का?" विश्राम शांतपणे म्हणायचा, "दुखत नाही. दुखू नये म्हणून धरलाय."

तो किकबॉक्सिंगचा चॅम्पियन होता. आधी राज्याचा, मग देशाचा. हे मला त्याने कधी सांगितलं नाही, लोकांकडून कळलं. साकीनाक्याला माझा गाळा आहे. रिक्षाच्या सीटा शिवण्यापासून सुरुवात केली, मग व्यायामशाळांच्या पंचिंग बॅगा, पॅड, मॅट. विश्राम पहिल्यांदा आला तो भांडुपच्या त्याच्या क्लाससाठी बॅग घ्यायला. मी भाव सांगितला. त्याने टांगलेल्या बॅगेकडे नीट बघितलं, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि एकच लाथ घातली. खालची शिवण उसवली आणि आतल्या चिंध्या माझ्या पायावर आल्या.

"आता बोल, शेठ," तो म्हणाला.

"माझ्या दुकानात येऊन माझाच माल फाडतोस?" मी खुर्चीतून उठलोच.

"मी फाडली म्हणून तुला कळलं तरी. दुसऱ्या कुणी नेली असती तर तुला घरबसल्या शिव्या पडल्या असत्या."

आम्ही एवढे भांडलो की शेजारचे लेथवाले मशीन बंद करून बघायला आले. शेवटी मी तीच बॅग दुहेरी शिवणीने शिवून दिली, पण माझ्याच भावाने. आयुष्यभर मी भाव करत आलोय, पण इतक्या मजेत कुणाशी भांडलो नाही. त्यानंतर प्रत्येक नवी बॅग आधी विश्रामची लाथ खायची आणि मग गिऱ्हाइकाकडे जायची. त्याच्यासाठी गाळ्याच्या कोपऱ्यात एक बॅग कायमची टांगली. तो यायचा, दमेपर्यंत मारायचा आणि मग माझ्यासमोर बसून चहा प्यायचा. उजव्या हातात ग्लास, डावा गालाशी.

क्लासच्या पोरांना त्याचं एकच सांगणं असे. "हात खाली गेला की समज, तू घरी गेलास."

पुढे क्लासची इमारत पाडायला काढली. दुसरी जागा मिळेना. घरात आई, बायको, शाळेत जाणारी मुलगी. त्याच सुमारास गोरेगावच्या एका सिनेमा स्टुडिओतला फाइट मास्टर माझ्याकडे मॅट बघायला आला, आणि कोपऱ्यात बॅग मारणारा विश्राम त्याला दिसला. मॅट राहिले बाजूला. माझ्याच गाळ्यातून, माझ्या डोळ्यांदेखत त्याने माझा माणूस नेला. ती चीड अजून गेलेली नाही आणि जायची इच्छाही नाही.

पहिल्याच दिवशी तिथे घोटाळा झाला. हिरोने ठोसा मारायचा, विश्रामने तो गालावर खाल्ल्यासारखं करून पडायचं, एवढंच काम. ठोसा आला आणि विश्रामचा डावा हात आपोआप वर गेला. हिरोचं मनगट त्याच्या कोपरावर आपटलं. शूटिंग थांबलं, बर्फ आला, माणसांची धावाधाव. फाइट मास्टर ओरडला, "हाथ नीचे! इधर जीतने आया है क्या?"

विश्रामने हे मला हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

तो हात खाली आणायला त्याला फार कष्ट पडले. माझ्याकडे रेक्झिनचा पट्टा मागितला, हात कमरेला बांधायला. मी साफ नाही म्हणालो. त्याने तो पंच्याने बांधला आणि मला समोर उभं केलं.

"मार."

"लागेल रे."

"तू नुसता भाव मारतोस, तुझा ठोसा काय लागणार? मार म्हणतो ना!"

मी हात फिरवायचो. माझी मूठ त्याच्यापासून वीतभर लांब असतानाच त्याची मान झटकन वळायची आणि तो धाडकन मॅटवर. "रिंगमध्ये ठोसा चुकवायचा असतो," तो कपडे झटकत उठायचा. "इथे चुकलेला ठोसा खायचा असतो. जास्त कठीण काय, सांग."

बघता बघता त्याला कामं मिळू लागली. फाइट मास्टरला मी मॅटचा भाव कधी उतरवून दिला नाही, पण विश्राम पडणार म्हटलं की आतला फोम जाड घालायचो. त्याची आई टीव्हीसमोर बसून लेकाला शोधायची. एकदा मी भांडुपला जेवायला गेलो होतो तेव्हा तो पडद्यावर पायऱ्यांवरून गडगडत खाली आला.

"ह्यो बघ माजो झील पडलो!" म्हातारी ओरडली. मग काळजीने म्हणाली, "उठलंस काय नाय रे?"

"उठलंय गे आये," विश्राम भात कालवत म्हणाला. "तेव्हा कॅमेरो थंय नव्हतो."

तो उजव्या हाताने जेवत होता आणि डावा मांडीवर पडला होता. त्या घरात ते फक्त माझ्याच डोळ्यांत खुपलं असावं.

मला तो रिंगमध्ये परत हवा होता. एकदाच, चार लोकांसमोर, स्वतःच्या नावाने. भांडुपच्या मंडळाने मैदानावर लढती ठेवल्या, तेव्हा मी त्यांच्या मागे लागून विश्रामचं नाव शेवटच्या लढतीत घालून घेतलं. बॅनरवर त्याचा मोठा फोटो लावायला लावला. तो आधी नाही म्हणाला, मग गुपचूप माझ्या गाळ्यात येऊन पुन्हा बॅग मारू लागला. ते दिवस माझे फार चांगले गेले.

समोर मुलुंडचा एक उंच, चपळ पोरगा होता. पहिल्या फेरीत विश्रामने त्याला नाचवला. मैदान शिट्ट्यांनी भरून गेलं. माझा घसा बसला. दुसऱ्या फेरीत पोराने उजवा ठोसा टाकला. तो पोचलाच नाही. मी दोरीला चिकटून उभा होतो, मला स्वच्छ दिसलं, मध्ये वीतभर हवा होती. पण विश्रामचा हात खालीच राहिला, मान झटकन वळली आणि तो गिरकी घेऊन आडवा झाला. फार सुंदर पडला.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, पिक्चर चालू झाला!" आणि हशा पिकला. मुलुंडचा पोरगा स्वतःच्या ग्लोव्हकडे बघत राहिला.

विश्राम उठला. त्याने त्या पोराचा हात धरून वर केला आणि खाली उतरला. मंडपामागे मी त्याला गाठलं.

"लागला नव्हता तुला!"

"माहितेय."

"मग पडलास कशाला?"

त्याने घाम पुसला. "खाली गेल्यावर कळलं रे, शेठ." मग म्हणाला, "पण पडलो कसा? झकास ना?"

त्यानंतर तो गाळ्यावर यायचा, चहा प्यायचा, मुलीच्या कॉलेजचं सांगायचा. बॅगेकडे बघायचा नाही. मीही तो विषय काढला नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी, शूटिंगला निघताना बुटाची नाडी बांधताबांधता तो गेला. हृदय बंद पडलं. फाइट मास्टर मयताला आला होता, काळा चष्मा लावून. माझ्या खांद्यावर हात ठेवायला पुढे आला, मी खांदा काढून घेतला. विश्रामचा डावा हात अंगालगत सरळ ठेवला होता. मला तो उचलून जागेवर ठेवावासा वाटला.

त्याचं शेवटचं काम असलेला सिनेमा नंतर लागला. मुलुंडला एकटाच जाऊन बघितला. बाजारातली मारामारी होती. हिरोचा ठोसा आला, विश्रामचा उघडा गाल समोर, हात आज्ञाधारकपणे खाली. तो भाजीच्या पोत्यांवर पडला. पोत्यांखाली माझाच मॅट होता, मीच शिवलेला. हिरो पुढे पळाला, त्याच्यामागे कॅमेरा गेला, सगळं थिएटर गेलं. मी मात्र पडद्याच्या कडेलाच बघत राहिलो. आता तो कपडे झटकत उठत असेल.

शेजारच्या सीटवरची मुलगी हळूच म्हणाली, "काका, दाढ दुखतेय का?"

माझा डावा हात गालापाशी होता.

"हो," म्हणालो, आणि तसाच ठेवला.