वाघोलीच्या खड्ड्यात नववी 'ब'

आमचं घर वाघोलीच्या दगडखाणीच्या काठावर होतं. घर म्हणजे चार पत्रे. आई-बापू खडी फोडायचे. सुरुंगाचा भोंगा वाजला की आई आम्हा भावंडांना ओढत लांब टेकाडामागे न्यायची आणि परत आलो की भाकरीवरची धूळ झटकून वाढायची. तरी घास कचकचायचाच. दगडाचं नाव आमच्यात कुणी प्रेमानं घेतलं नाही. त्याच दगडाचा अभ्यास करून मी पदवी घेतली. घरातली पहिली. अभिमान आहे, लपवत नाही.

कर्वेनगरच्या एका शाळेत भूगोलाची शिक्षिका म्हणून लागले, पण हंगामी. नववी 'ब'च्या मुलांना खडकांचे थर प्रत्यक्ष दाखवायचे म्हणून सहलीची परवानगी मागितली. आमचे मुख्याध्यापक अस्सल पेठेतले. चष्म्यावरून बघत म्हणाले, "अहो, दगड बघायला बस कशाला? स्टाफरूममध्ये बसा. सहल सिंहगडला नेतात, पिठलं-भाकरी खायला."

मी हटले नाही. तेव्हा म्हणाले, "न्या. सोमवारी मी वर्गात येईन. मुलांना चार वाक्यं धड सांगता आली, तर तुम्हाला कायम करायची शिफारस करतो. नाही आली, तर जूनपासून आपण दुसरीकडे बघावं."

खाणवाल्यांनी सुरुंगाच्या भीतीनं नाही म्हटलं. मग वाघोलीत एका नव्या इमारतीच्या पायाचं खोदकाम चाललेलं दिसलं होतं, तिथल्या पाटीवरच्या नंबरवर फोन केला. "शनिवारी साइट बघायची आहे. तीस जण आहोत." पलीकडून आवाज आला, "मोस्ट वेलकम, मॅम!" मला भरून आलं. म्हटलं, शास्त्राची कदर असलेली माणसं अजून आहेत.

शनिवारी सकाळी निघालो. पहिला थांबा पाताळेश्वर. जंगली महाराज रस्त्याच्या गोंगाटातून चार पायऱ्या उतरलं की गारवा लागतो. अख्खं देऊळ एकाच काळ्या खडकात कोरलेलं. "यात सांधा शोधून दाखवा," मी म्हटलं. मुलं खांबांभोवती फिरली, सांधा सापडला नाही. ओजसनं पावती फाडावी तसा निकाल दिला, "बाई, हे बांधलेलं नाहीच. उरलेलं आहे." मला ते वाक्य इतकं आवडलं की मी त्याला शेंगदाण्याचा लाडू दिला. तो बघून बाकीच्या सगळ्यांना मोठमोठी वाक्यं सुचायला लागली.

येरवडा सुटलं आणि नगर रस्त्यानं आपला गुण दाखवला. बस हलेना. दोन मुलांना उलट्या झाल्या, एकीचं डब्यातलं दही सांडलं. वाघोलीला पोचलो तेव्हा आमचा अवतार सहल संपल्यासारखा होता.

साइटवर मात्र मांडव, खुर्च्या, बटाटेवडे आणि कोकम सरबत! टाय लावलेला एक तरुण पुढे आला. "मॅम, टू बीएचके बघणार की थ्री? ग्रुप बुकिंगला स्पेशल ऑफर आहे." मग माझ्यामागून एकेक दप्तर उतरायला लागलं आणि त्याचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला.

"आम्हाला खड्डा बघायचाय," मी म्हटलं.

"सॅम्पल फ्लॅट बघा ना. खड्ड्यात काय आहे?"

"तेच बघायचंय," वर्गातली मृण्मयी म्हणाली.

"सॉरी मॅम. सेफ्टी इश्यू. कस्टमर असते तर गोष्ट वेगळी."

सोमवार डोळ्यांसमोर नाचायला लागला. शेजारी खुर्चीत पांढऱ्या टोपीतले एक काका वडा खात बसले होते. जमीन मूळ त्यांची, आता बिल्डरचे भागीदार. मृण्मयी सरळ त्यांच्याकडे गेली. "काका, इथे आधी काय होतं?"

"ज्वारी."

"त्याच्या आधी?"

"माझा बाप सांगायचा, ज्वारीच."

"त्याच्याही आधी इथे लाव्हा होता, काका. तापलेला, वाहता."

काका खदखदून हसले. "आमच्या सातबाऱ्यावर त्याचं नाव न्हाई लागलं कुठं!" मग टायवाल्याकडे वळले. "ए, हेल्मेटं आन. पोरं खड्डाच बघायचा म्हनत्यात, तर बघू दे की. मलाबी बघू दे, माझ्या ज्वारीखाली कोन हाय ते."

कठड्याच्या आत, उताराच्या रस्त्यानं आम्ही निम्म्यापर्यंत उतरलो. समोरची भिंत म्हणजे कापलेला केकच. वर काळी माती, खाली मुरूम (झिजून भुसभुशीत झालेला खडक), मग घट्ट काळा खडक, आणि त्याच्याखाली वीतभर लाल पट्टा. पट्ट्याखालचा खडक मात्र भोकाभोकांचा, भोकांत पांढरे खडे. याला आमच्याकडे मांजऱ्या म्हणतात.

मी काही सांगणार, तोच ओजस ओरडला, "आंबोळी! जाळी वरच्या अंगाला पडते!"

अगदी तेच. तापलेल्या लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे वर चढतात, म्हणून जाळी दिसली की थराचा माथा आला असं समजावं. मुलं भिंतीसमोर भांडायला लागली. लाल माती मध्ये कशी आली? कुणी टाकली? मी गप्प राहिले. फार अवघड गेलं. काका वडा संपवून भांडणात उतरले, त्यांच्या मते तिथे ओढा असावा. निकाल लागेपर्यंत सरबत संपलं होतं.

परतताना बस पुन्हा तशीच अडकली. खिडकीबाहेर उंच इमारती सरकत होत्या. हे सगळं ज्याच्यावर उभं आहे तो खडक फोडण्यात माझ्या माणसांचं आयुष्य गेलं, तो नुसता उभा राहून बघायची चैन मला मिळाली, असं वाटत राहिलं.

सोमवारी मुख्याध्यापक आले. हाताची घडी घालून म्हणाले, "पुण्याखाली खडक आहे हे मलाही ठाऊक आहे. तो एकदाच ओतला गेला नाही, कशावरून?"

मृण्मयी उठली. "सर, मध्ये लाल माती आहे. पहिला लाव्हा निवला, त्याच्यावर जाळी राहिली. मग खूप काळ नवा आलाच नाही, तेव्हा तो झिजून त्याची माती झाली. नंतर दुसरा आला आणि ती माती भाजली."

"खूप काळ हे कशावरून?"

"सर, दगडाची माती एका सुट्टीत होत नाही."

सरांनी चष्मा काढून पुसला. "पुस्तकात आहे हे?"

"नाही सर. वाघोलीत आहे."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्याच आठवड्यात त्यांनी शिफारस पाठवली. जूनमध्ये मी कायम शिक्षिका झाले आणि नववीची खडकांची सहल दरवर्षीची ठरली.