सोनुबाईंनी पाहिलेलं काळीज

पळसदरीच्या सोनुबाई आठवड्यातून दोनदा आमच्याकडे कर्जतला तांदळाच्या भाकऱ्या करायला येतात. उकड मळताना त्या गप्प असतात, भाकरी तव्यावर पडली की बोलतात. तीन वर्षांपूर्वी हे बोलणं मधेच तुटायला लागलं. चार शब्द, मग श्वास.

चुलीचा धूर असेल म्हणून त्यांनी गॅस घेतला. श्वास तसाच. त्यांचे यजमान दशरथ साजगावला कारखान्यात आहेत. तिथल्या तपासणी शिबिरात ते त्यांना घेऊन गेले. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि विचारलं, लहानपणी सांधे सुजून ताप यायचा का? यायचा. दहाव्या वर्षी महिनाभर त्या अंथरुणावर होत्या. त्याच तापाने पुढे हृदयाची एक झडप चिकटत आणली होती. "दुखलं गुडघं नि बिघडलं काळीज," हे त्या अजून नवलाने सांगतात. झडप फुग्याने उघडता येणार होती, पण त्याआधी घशातून नळी घालून इको, म्हणजे हृदयाचं चित्र काढायची तपासणी, करायची होती.

हे सगळं मी तेव्हा ऐकलं होतं. तरी माझ्या मुलीची वेळ आली तेव्हा त्यातलं काही उपयोगी पडलं नाही. अंतरा सतरा वर्षांची आहे. तिच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आहे. जांघेतल्या शिरेतून छत्रीसारखं झाकण नेऊन ते बुजवता येतं, पण झाकण धरून राहायला भोकाला चांगली कड हवी. कड नसेल तर छाती उघडायची. छातीवरून केलेल्या इकोत मागची कड दिसत नव्हती, म्हणून घशातून. मिळालेली पहिली तारीख मी परीक्षा आहे म्हणून रद्द केली. परीक्षा त्यानंतर दहा दिवसांनी होती.

मंगळवारी सोनुबाईंना हे कळलं. त्यांनी अंतराला हाक मारून ओट्याशी स्टूलवर बसवलं.

"मावशी, आत कॅमेरा सोडतात ना?" अंतराने विचारलं.

"कॅमेरा नाय गं. आवाज. आपल्याला ऐकाया येत नाय असला. तो आपटून मागं येतो, त्याचं चित्र होतं."

मग घशातूनच का, असं अंतराने विचारलं. तोच प्रश्न सोनुबाईंनी कागदावर सही करण्याआधी डॉक्टरांना विचारला होता. अन्ननलिका हृदयाच्या पाठीला अगदी खेटून जाते. पुढून पाहायला गेलं तर आड फासळ्या येतात आणि फुप्फुसं. फुप्फुसांत हवा, आणि हवेतून हा आवाज धड जात नाही. मागून मधे एक पातळ भिंत, बस. "वटीवर बसून घरातलं काय कळतं? परसदारी जावं, मंग कळतं कोन रडतंय," असं त्यांनी त्याचं भाषांतर केलं.

पहिल्या खेपेला त्यांची तपासणी झालीच नव्हती. दवाखान्यातून फोनवर सांगितलं होतं, उपाशी या. तो होता गुरुवार, सोनुबाईंचा उपासाचा वार. साबुदाण्याची खिचडी आणि चहा घेऊन त्या निघाल्या. तिथे सिस्टरने विचारलं, काही खाल्लंय का? त्या म्हणाल्या, नाय, उपास हाय. टेबलावर घेईपर्यंत हेच उत्तर चाललं. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, उपासाचं काय खाल्लं? परत पाठवलं. गुंगीत पोटातलं वर आलं तर श्वासनलिकेत जाईल, म्हणून सहा तास पोट खरोखर रिकामं लागतं. अंतरा इतकी हसली की मलाही हसू आलं.

नळीचं त्यांनी गोड करून सांगितलं नाही. कडू फवारा मारतात, घसा दुसऱ्याचा असल्यासारखा होतो. डाव्या कुशीवर निजवतात, दातांत प्लॅस्टिकची कडी देतात. सिस्टर म्हणते गिळा, तेव्हा कोरडी भाकरी न चावता गिळल्यासारखं वाटतं. पुढचं फारसं आठवत नाही. घसा दोन दिवस दुखतो.

पुढची गोष्ट त्यांनी सांगू नये असं मला वाटत होतं. मी डोळ्यांनी खुणावलं.

"वैनी, डोळं नका करू. पोरीला समजतंय," त्या म्हणाल्या आणि भाकरी उलटून सांगायला लागल्या.

दुसऱ्या खेपेला नळी गेली आणि हृदयाच्या एका कोपऱ्यात रक्ताची गुठळी दिसली. फुगा थांबवला. तीन महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या, मग परत नळी. आता कोपरा साफ होता. फुगा त्यानंतर.

"न बघता फुगा घातला असता तर गुठळी उठून डोक्यात गेली असती," त्या म्हणाल्या. "मंग माझं बोलनं कुठलं ऐकलं असतं तुमी?"

दोन्ही वेळा त्यांनी डॉक्टरांना चित्र दाखवायला लावलं होतं. पाण्यावर आलेल्या माशाचं तोंड उघडमीट करतं तशी ती झडप. "पन्नास वरसं आत वाजतंय. मी दोनदाच भेटले," त्या म्हणाल्या.

अंतरा माझ्याकडे वळली. "आई, माझी परीक्षा त्या तारखेला नव्हती."

मी तिच्यासमोरच फोन करून नवी तारीख घेतली.

आज तपासणी झाली. अर्ध्या तासाने डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. अंतराचा घसा बधिर होता, पाणीसुद्धा द्यायचं नव्हतं. तिने हातानेच खूण करून चित्र परत लावायला सांगितलं. डॉक्टरांनी तीनदा लावलं. मी कप्प्यांमधला पडदा शोधत होते, मग त्यातला काळा खंड, म्हणजे ते भोक, आणि त्यामागे, जिथे काही नसेल अशी मला भीती होती, तिथे एक पांढरी रेघ. दर ठोक्याला हलत होती. मागची कड. झाकण बसेल, छाती उघडायची गरज नाही, असं डॉक्टर म्हणाले.

घरी येताच मी सोनुबाईंना फोन केला.

"कड किती हाय?" त्यांनी विचारलं.

"सर्वांत कमी जिथे आहे तिथे पाच मिलिमीटर. तेवढी पुरते म्हणाले."

फोन तसाच चालू ठेवून त्यांनी दशरथना हाक मारली आणि पाच मिलिमीटर म्हणजे बोटावर किती, ते दाखवायला सांगितलं.