साथीचा रकाना

नवरात्रात आमच्या सणसरच्या समाजमंदिरात दुपारी बायकांचे कार्यक्रम होतात. त्यांची यादी गेली अकरा वर्षं मीच करते. रकाने चार: क्रम, नाव, काय सादर करणार, साथ. शेवटच्या रकान्यात बहुतेक आबाच असतात. ते भजनी मंडळात ढोलकी वाजवतात. गाणारीला एकटं सोडणं त्यांना गावाचा कमीपणा वाटतो.

यंदा पाचव्या क्रमांकावर मी स्वतःला लिहिलं. चेलोवर सोनाटा, वीस मिनिटं. साथीच्या रकान्यात रेघ मारली. चेलो, म्हणजे खुर्चीत बसून वाजवायचं थोरलं व्हायोलिन, मी सहा वर्षं दर रविवारी एसटीनं पुण्याला जाऊन शिकले होते. "व्हायोलिनला खत जास्त झालं का?" हेही ऐकून घेतलं होतं. हा सोनाटा, म्हणजे पाश्चात्त्य वाद्यरचना, हल्लीच्या काळातला, एकट्या चेलोसाठीच लिहिलेला. आपल्या गावात तो एकदा तरी अखंड वाजवायचाच, असं मी ठरवलं होतं.

तयारी चोख होती. बिनहाताची खुर्ची. फरशीवर चेलोचं लोखंडी टोक घसरू नये म्हणून एक फळी, तिच्यावर ठोकलेला रबराचा तुकडा.

सुरुवातीला तारा नुसत्या बोटांनी छेडायच्या असतात. "सूर लावून झाला का न्हाय अजून?" मागून एक आवाज आला. सगळ्या हसल्या. मी वाजवत राहिले. मग गज उचलला, आणि शेजारी ढोलकी सुरू झाली. साथीचा रकाना भरायचा मी विसरले असं समजून जाऊबाईंनी आबांना आणून बसवलं होतं! या भागात कधी पाच मात्रा, कधी सात, मध्येच ठेकाच नाही. मी चुकतेय असं वाटून आबा मला सावरायला आणखी जोरात वाजवू लागले.

मी थांबले.

"आबा, हे एकटीनंच वाजवायचं असतं."

"गावात ढोलकी हाय आन् तुमी एकटी? लोक आमाला काय म्हणतील, सूनबाई?"

"मला म्हणू देत. तुम्ही इथंच बसा, पण हात मांडीवर ठेवा."

"चहा उकळलाय, आटपा आता," जाऊबाई म्हणाल्या.

"उकळू दे."

थांबले होते तिथून नाही, पहिल्यापासून सुरू केलं. चार-पाच जणी उठून गेल्या. आबांची बोटं मांडीवर मात्रा शोधत राहिली, मग तीही थांबली. शेवटचा स्वर विरला तरी टाळी पडली नाही. संपलं हे कुणाला कळलंच नव्हतं.

"झालं," मी सांगितलं.

"हात गप ठिवून खांदं भरून आलं बगा," आबा म्हणाले.

मी यादी काढली. साथीच्या रकान्यातल्या रेघेवर ठळक 'नको' लिहिलं आणि सहावं नाव पुकारलं.