ताईच्या मागे आलेला खोकला

सोफे दुरुस्त करणारी ताई ओठांत बारीक खिळे धरूनच काम करायची. एकेक खिळा काढून ठोकायचा आणि उरलेल्या फटीतून गिऱ्हाइकाला टोमणा मारायचा. पण हिवाळ्यात खोकला लागला आणि खिळे तोंडात धरायची सोय राहिली नाही.

"धूळ गं, दुसरं काय! दुकान बंद कर," दादा म्हणाला.

"आतड्यांना सूज आली, तेव्हाही तू दुकानालाच शिव्या घातल्यास."

"त्या गोळ्यांनी पोट थाऱ्यावर आलं ना? आता छातीचं बघू."

दादाने कुलूप घातलं, तिला आपल्या घरी नेलं आणि परस्पर दुकानातल्या शिलाई मशीनला गिऱ्हाईकही गाठलं.

वहिनीच्या लख्ख घरात धुळीचा कण नव्हता. तरी खोकला बळावतच गेला. जिना चढताना ताई मधेच बसू लागली.

"दादा, दुकान तिकडे कुलपात. मग हा खोकला काय माझ्या पिशवीत बसून आला?"

छातीच्या डॉक्टरीणबाईंपुढेही तिने हेच ऐकवलं. त्यांनी स्कॅन पाहिला, मग पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली. पोटाच्या गोळ्यांवर त्यांचा हात थांबला.

"या कधीपासून?"

"खोकल्याच्या दोनेक महिने आधीपासून."

"क्वचित होतं, पण या गोळ्यांनी फुप्फुसांना सूज येऊ शकते. मनाने बंद करू नका हं, थांबा." त्यांनी तिथूनच पोटाच्या डॉक्टरांना फोन लावला. दोघांनी मिळून ती गोळी थांबवली, दुसरी दिली.

हळूहळू खोकला ओसरला. ताईने दुकान उघडलं, त्याच दिवशी दादा टेम्पोवाल्याला घेऊन हजर. मशीन न्यायला; गिऱ्हाईक तोच होता.

"दम लागतोय अजून तुला!"

"लागू दे. कमी झालाय. मास्क लावीन, तपासायला जाईन. मशीन विकायचं नाही."

"अगं, मी शब्द दिलाय यांना!"

"मग तूच जा यांच्याकडे, शिवत बस."

टेम्पोवाला ओशाळून उभा राहिला. ताईची नजर त्याच्या सीटवर गेली. फोम पार बाहेर आला होता.

"भाऊ, आलाच आहात तर सीट काढून आणा. अशीच परत नेलीत तर माझी अब्रू जाईल."

सीट आली. तिने कापड ताणलं, हातोडी उचलली. तोंडाला मास्क होता, म्हणून दादाचा हात ओढून त्याच्या तळव्यावर मूठभर खिळे ओतले.

"धर. आणि हलू नकोस."