महादूचं उकळलेलं पाणी

बायकोला, मुलांना, कोणालाच मी हे सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो आहे, तेही अडखळत.

अमेरिकेत लढाई चालू होती आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. मी अकोल्याच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करत असे. घरात शिकलेला पहिलाच. अमरावतीच्या शाळेने मला उभं केलं, ते ऋण आजही मानतो. लोक माझा शब्द मानत, तेही त्या शाळेमुळेच.

मोर्णा नदीच्या काठी कापसाच्या गाड्यांचा तळ पडे. तिथे पटकीची साथ आली, जुलाब-उलट्यांनी माणसं पटापट जाऊ लागली. पाणी उकळून प्या, असं मी गाडीगाडीपाशी सांगत फिरलो. लोक हसत. ऐकलं ते एकट्या महादू गाडीवानाने. तो कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या गोळा करून रोज पाणी उकळी. काजळी धरलेलं त्याचं भगुणं मी रोज पाहत होतो — रोज.

तरीही त्याची बायको पटकीनेच गेली. कशाने? मला ठाऊक नव्हतं. आजही नाही.

दवाखान्याच्या अंगणात गाडीवान जमले. एकजण म्हणाला, "उकळून पेली अन् तरी गेली. मंग कायले पऱ्हाट्या जाळा, बाप्पा?"

माझी सगळी मेहनत वाया जाणार — की माझा मान? आधी कशाची भीती वाटली? मी म्हणालो, "ती आजारी पडली, त्या दिवशी पाणी उकळलं नव्हतं."

दुसऱ्या दिवसापासून तळावर चुली पेटल्या.

तेराव्यानंतर महादू आला. "भाऊ, म्या तं रोज उकळलं. तुमी सोताच पाह्यलं ना?"

तेव्हा तरी बोलता आलं असतं. मी म्हणालो, "एखादा दिवस राहून गेला असेल, महादू."

तो उठून जायला निघाला. मग म्हणाला, "राह्यलं असन. तुमी शिकलेले. तुमी कायले खोटं बोलसान?"

पुढे तळावर नवी गाडी आली, की तो स्वतः जाऊन सांगे, "म्या एक दिस चुकलो, माही बायको गेली. तू नोको चुकू." लोक त्याचं ऐकत, माझ्यापेक्षा जास्त. म्हणून न ऐकणारे रोगी मी त्याच्याकडे पाठवू लागलो. हो — मीच पाठवायचो. तो मरेपर्यंत.

महादू एकही दिवस चुकला नव्हता.